शकुबाईच्या घरातला आवाज

नाशिक रोडला जेल रोडवरच्या त्या चाळीत शकुबाई पगारे आधी शिवणकामासाठी प्रसिद्ध होती, हे सांगून टाकलेलं बरं. पुढे तिची जी दुसरी प्रसिद्धी झाली, तिच्यापायी लोक तिच्या हातची टीप विसरले. स्टेशनपासून उपनगर नाक्यापर्यंत कुणाचा ब्लाऊज काखेत दाटला की बायका म्हणायच्या, शकूकडे टाक. ठेंगणी, काळीसावळी, जिभेला हाड नसलेली बाई. मापाला आलेलं गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहिलं की ही पाठीत चापट मारायची. "सोड पोट. शिवून झाल्यावर काय श्वास न घेता फिरणार हायेस?"

नवरा जयराम प्रेसमध्ये. नाशिक रोडला नुसतं प्रेस म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. पोस्टाची तिकिटं छापायच्या खात्यात तो मशीनवर होता. मूळ गाव सिन्नरजवळचं, आणि दहा वर्षं नोकरी करूनही बोलणं तिकडचंच राहिलेलं. बोलायच्या आधी तो दोनदा खाकरायचा, एकदा मोठ्याने आणि एकदा बारीक, आणि मग वाक्य. देवदेवस्की, भूतबाधा, लिंबूमिरची यांचा त्याला मनापासून तिटकारा. धर्मांतराच्या वर्षी बापाने देव्हाऱ्यातले टाक पोत्यात भरून दारणेत सोडले, तेव्हा पोत्याचं दुसरं टोक बारा वर्षांच्या जयरामने धरलं होतं. ही हकिगत तो येईल त्या पाहुण्याला ऐकवायचा. पाहुणा दुसऱ्यांदा आला तर दुसऱ्यांदा.

हा माणूस शहात्तर सालच्या फेब्रुवारीत काविळीने गेला. अठरा दिवस दवाखान्यात होता, डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, आणि एकोणिसाव्या दिवशी सकाळी शकुबाई दूध घेऊन गेली तेव्हा खाट रिकामी होती. मागे राहिल्या दोघी, शकुबाई आणि चार वर्षांची विशाखा.

विशाखाने तोवर तोंडातून एक शब्द काढला नव्हता. 'आई' नाही, 'बाबा' नाही, 'दे' नाही. हाक मारली तर बघायची नाही. शिवणाच्या मशीनचं रिकामं रीळ फरशीवर फिरवायचं आणि ते थांबेपर्यंत बघत बसायचं, थांबलं की पुन्हा फिरवायचं, हा तिचा सकाळपासून दिवेलागणीपर्यंतचा उद्योग. लोक म्हणायचे, मुकी असंल. जयराम म्हणायचा, मुकी बिकी काय नाय, पावसाळा सरला की मुंबईला मोठ्या दवाखान्यात दाखवू. तो पावसाळा त्याच्या वाट्याला आला नाही.

पुण्यानुमोदनाला आलेली माणसं आपापल्या गावी गेली. एप्रिल लागला. उन्हाळ्यातल्या दुपारी चाळ मेल्यागत पडते. पुरुष कामावर, बायका पदर तोंडावर घेऊन आडव्या, नळाला पाणी नाही, कावळासुद्धा पत्र्यावर बसत नाही. शकुबाई बाहेरच्या खोलीत मशीनवर होती, विशाखा आतल्या खोलीत. साडेतीनला प्रेसचा भोंगा झाला, लांबलचक, नेहमीसारखा. तो थांबला आणि आतल्या खोलीत कुणीतरी खाकरलं. एकदा मोठ्याने, एकदा बारीक.

"मी हाय ना. रडू नको."

शकुबाईचा पाय पायडलवरच राहिला. सुई अस्तरात अडकली. ती उठून आत गेली, तर आत कुणीही नव्हतं. भिंतीकडे तोंड करून विशाखा बसली होती आणि तिच्यापुढे रीळ फिरत होतं. शकुबाई तिच्या समोर जाऊन बसली. पोरीचे ओठ हलले आणि पुन्हा तेच खाकरणं, पुन्हा तेच वाक्य.

आता चार वर्षांच्या पोरीचा गळा तो केवढा? आवाज बारीकच होता, खोटं कशाला सांगायचं. पण 'हाय'ला दिलेला तो हेल, 'रडू'नंतर घेतलेला तो दम, सगळं जयरामचं. जिने कधी आईला आई म्हटलं नाही तिच्या तोंडून मेलेला बाप बोलत होता, आणि पोरीचा चेहरा कोऱ्या कापडासारखा होता. त्यावर भीती नाही, हसू नाही. नजर त्या रिळावर.

"अहो," शकुबाई म्हणाली, "कुठं हाय तुम्ही?"

रीळ कलंडलं. मग खाकरणं. "भाकर वाढ. लय भूक लागलीय."

शकुबाईने जयरामची ताटली काढली, त्याची भाकर वाढली, वर तेलचटणी घातली, आणि पोरीपुढे ठेवून हात जोडले. पोरीने सगळी भाकर खाल्ली.

इथून पुढची सहा वर्षं त्या घरात तीन माणसं राहत होती, असं म्हणायला हरकत नाही. आवाज दिवसातून चारदा यायचा, कधी दहादा. त्याची वाक्यं ठरलेली होती. "मी हाय ना. रडू नको." "भाकर वाढ." "शके, ऐकलं का?" "राहू दे, बस खाली." शकुबाई हातातलं काम टाकून धावायची. गिऱ्हाईक अर्ध्या मापात उभं असलं तरी. आवाजाला ती अहोजाहो करायची, त्याला दिवसभराचं सांगायची, सल्ला विचारायची. पिकोचं मशीन घेऊ का, असं तिने एकदा विचारलं. "राहू दे, बस खाली," आवाज म्हणाला. तिने मशीन घेतलं नाही. पलीकडच्या गल्लीतल्या लताबाईने घेतलं आणि वर्षभरात सगळा जेल रोड तिच्याकडे पिकोला जाऊ लागला. तरी शकुबाईची श्रद्धा काही ढळली नाही. मेलेल्या नवऱ्याचा सल्ला जिवंत नवऱ्यापेक्षा जास्त मानायचा, अशी बायकांची रीतच असावी.

एकदा मात्र आवाज भलतंच बोलला. भर दुपारी, काही कारण नसताना. "मंगळू, पाण्यात जाऊ नको रं." मंगळू म्हणजे जयरामचा धाकटा भाऊ, दहा वर्षांचा असताना नदीत बुडालेला. जयरामने लग्नानंतर एकदाही त्याचं नाव घेतलं नव्हतं. ते शकुबाईला सासूकडून कळलेलं, तेही कानात. ते वाक्य पुन्हा कधी आलं नाही, पण त्या दिवसापासून शकुबाईच्या मनात शंका उरली नाही.

पोरीला मुंबईला दाखवायचं राहिलं. राहिलं म्हणजे शकुबाईने राहू दिलं. शेजारच्या रंगूबाईने चारदा सांगितलं, सासरकडून पत्र आलं, पण हिचं आपलं आज गाडीला गर्दी, उद्या गिऱ्हाईकाचं लग्न. खरं कारण तिने कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरने औषध दिलं आणि आवाज गेला तर? एकदा जयराम गेला तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. या वेळी तिच्या हातात होतं, आणि ती त्याला जाऊ देणार नव्हती.

पोर वाढत होती. सहाव्या वर्षी हाताचा चावा घ्यायला लागली, सातव्या वर्षी भिंतीवर डोकं आपटायला. कुणाचा हात लागला की किंचाळायची. बाजारात जायचं झालं की शकुबाई जुन्या लुगड्याने तिला खाटेच्या पायाला बांधून जायची, आणि परत येऊन सोडताना पोरीच्या मनगटावरचे वळ बघून रडायची. पण आवाज आला की रडणं थांबायचं.

असली गोष्ट चाळीत लपते थोडीच. रंगूबाई एक दिवस चहाची पावडर मागायला आली आणि दारातच थिजली. "अगं बाई, हा तर जयरामभाऊ!" दोन दिवसांत बायका यायला लागल्या. रंगूबाई निदान करून मोकळी झाली होती. पोरीच्या अंगात मेल्या माणसांचं वारं येतं. मंगळवारी आणि अवसेला खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. नारळ, लिंबं, हिरवे खण. बायका पोरीसमोर बसून आपापल्या मेलेल्यांच्या आठवणी काढायच्या, कोण कसं बोलायचं, कोण कसं रागवायचं, ते नकला करून सांगायच्या. मग चार दिवसांनी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, विशाखाच्या तोंडून त्याच सुरात तेच वाक्य बाहेर पडायचं. सखुबाईच्या आईचं "सखे, केस बांध गं मोकळे" आलं तेव्हा सखुबाई तिथेच बेशुद्ध पडली. तिला कुणी सांगायचं, की बाई गं, मागच्या मंगळवारी तूच आईसारखा आवाज काढून हे सांगून गेली होतीस? तेव्हा सांगायला कुणी नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी ऐकायला कुणी नव्हतं.

विहारात बोभाटा झाला. बौद्धाच्या घरात अंगात येतं म्हणजे काय! कोंडाजी मास्तर, विहाराचे जुने कार्यकर्ते, जयरामचे दोस्त, तरातरा आले. दारातूनच त्यांनी सुरुवात केली. बावीस प्रतिज्ञा कशासाठी घेतल्या, जयराम असता तर त्याने हे नारळ रस्त्यावर फोडले असते, शकुबाई, तुला लाज कशी वाटत नाही. बोलणं रास्त होतं, आवाज मोठा होता. आतल्या खोलीत कुणीतरी खाकरलं. एकदा मोठ्याने, एकदा बारीक.

"मास्तर, या, बसा. चहा घ्या."

जयराम मास्तरांना असंच म्हणायचा, दर रविवारी. कोंडाजी मास्तरांनी दाराची चौकट धरली. सगळी हयात भुताखेतांविरुद्ध भाषणं केलेला तो माणूस मागे न बघता जिना उतरला, आणि त्यांच्या चपला दोन दिवस शकुबाईच्या दारात पडून होत्या. शेवटी त्यांची सून येऊन घेऊन गेली.

ब्याऐंशी सालच्या जूनमध्ये चंद्रभागा गायधनी नावाची बाई ब्लाऊज टाकायला आली. न बोलणारी, शिकायला मागे पडणारी मुलं जिथे घेत, अशा नाशकातल्या एका शाळेत ती शिकवायची. चाळिशीची, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, घाई कशाचीच नाही. शकुबाई तिच्या खांद्याचं माप घेत होती तेव्हा भोंगा झाला आणि पाठोपाठ आवाज आला. शकुबाईने टेप टाकली आणि आत धावली. ती परत आली तर गायधनीबाई किंचाळली नव्हती, हात जोडून उभी नव्हती. दाराच्या फटीतून पोरीकडे टक लावून बघत होती.

"उद्या दुपारी मी इथे बसले तर चालेल?" तिने विचारलं.

"बसा की. बायका बसत्यात."

ती चार दुपारी येऊन बसली. गुडघ्यावर वही. पोरीशी बोलली नाही, तिला हात लावला नाही, नारळ आणला नाही. आवाज आला की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची आणि वहीत काहीतरी लिहायची. शकुबाईला वाटलं, बाई पाठ करून घेतेय मंत्रासारखं. पाचव्या दिवशी तिने वही मिटली.

"शकुबाई, तुमचे मालक बोलतात त्याच्या आधी दर वेळी काहीतरी झालेलं असतं. भोंगा झाला की 'रडू नको'. कुत्री भांडली की 'रडू नको'. काल शेजारी कुकरची शिट्टी झाली, तेव्हाही तेच. ते रडू नको म्हणतात कुणाला? तुम्ही तर रडत नव्हतात."

शकुबाई टेप बोटाला गुंडाळत बसली.

"पोर तान्ही असताना भोंग्याला घाबरायची का?"

घाबरायची. शकुबाईला ते एकाएकी आठवलं, आणि आठवलं तसं नकोसं झालं. भोंग्याला पोर ताडकन उठून आकांत करायची. जयराम दुपारी घरी असला की तिला छातीशी धरायचा, तिचा कान आपल्या छातीवर दाबायचा, आणि म्हणायचा. तेच म्हणायचा. हे तिच्या तोंडून निघूनही गेलं.

"घाबरली की ती बापाचे ते शब्द म्हणते. भूक लागली की 'भाकर वाढ'. तुम्ही दिसेनाशा झालात की 'शके, ऐकलं का'. गर्दी नको झाली की 'राहू दे, बस खाली'. सहा वर्षं पोर तुम्हाला हाक मारतेय हो. तिच्यापाशी स्वतःचा शब्द नाही, म्हणून बापाचे वापरते. आणि तुम्ही ओ देताय ती बापाला."

"आणि मंगळू?" शकुबाई ओरडलीच. "मंगळूचं नाव कुणी सांगितलं तिला?"

गायधनीबाईने ती हकिगत ऐकून घेतली. "तापात बरळले असतील. पोर पायथ्याशी असेल."

"त्या वार्डात पोरांना सोडत नव्हते."

"मग मला माहीत नाही," गायधनीबाई म्हणाली. "जे माहीत नाही ते नाही. पण भुकेचं मला माहीत आहे."

शकुबाईने तिचा बिनहुकांचा ब्लाऊज तिच्या अंगावर फेकला आणि चालती हो म्हणाली. बाई गेली. त्या मंगळवारी शकुबाईने बायकांना नेहमीपेक्षा जास्त वेळ बसू दिलं.

पण कानात किडा सोडून बाई गेली होती. दुसऱ्या दिवशी भोंगा व्हायच्या आधीच शकुबाई आतल्या खोलीत जाऊन बसली. सहा वर्षं ती आवाज ऐकून आत आली होती, भोंगा होताना पोरीकडे तिने कधी बघितलंच नव्हतं. भोंगा सुरू झाला. विशाखाचं सगळं अंग ताठरलं. तिने दोन्ही हातांची नखं आपल्याच दंडात रुतवली, इतकी की कातडी पांढरी झाली, मान मागे पडली, आणि तोंड न उघडता ती थरथरत राहिली. भोंगा थांबला. मग ते खाकरणं, मग ते वाक्य, सावकाश, समजूत काढणारं. ती एकटीच आपली समजूत काढत होती. आणि समोर आई सहा वर्षं हात जोडून बसली होती.

शकुबाईने भिंतीला डोकं टेकलं. आपण काय केलं हे तिला कळलं, आणि ते कुणापाशी बोलायची सोय नव्हती. त्या दुपारी तिने नारळांची टोपली खाली नेऊन गाईपुढे ओतली. गाईने नारळ हुंगले आणि ती निघून गेली. मग शकुबाईने दुसरं कापड आणून गायधनीबाईचा ब्लाऊज नव्याने शिवला, हुकं लावली, आणि पोरीला घेऊन तिच्या शाळेकडे जाणारी बस धरली.

मुंबईला गायधनीबाईच सोबत आली. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरने तासभर पोरीला बघितलं आणि कागदावर एक शब्द लिहून दिला, ऑटिझम. स्वमग्न वगैरे शब्द नंतरचे, त्या वेळी चाळीत तो इंग्रजी शब्द कुणाला धड म्हणताही येईना. यावर गोळी नाही, डॉक्टर म्हणाले. यात तुमची चूक नाही. शिकवावं लागेल, रोज, वर्षानुवर्षं, आणि एकट्या आईने ते होत नाही.

चूक नाही म्हणाले तेव्हा शकुबाईने मान खाली घातली. डॉक्टरांना सगळं माहीत नव्हतं.

काम सुरू झालं. भोंग्याच्या पाच मिनिटं आधी शकुबाई पोरीच्या कानात कापूस घालायची आणि तिचं डोकं छातीशी घट्ट धरायची. आवाज "भाकर वाढ" म्हणाला की हात न जोडता पोरीचा हात धरून भाकरीवर ठेवायची आणि आपल्या आवाजात सांगायची, "विशाखाला भाकर." दिवसातून वीसदा, तेच तेच. लुगड्याने बांधणं बंद झालं. पोर तिच्याबरोबर बाजारात जाऊ लागली, वाण्याच्या दुकानात आडवी पडून किंचाळू लागली, आणि लोक बघत राहिले तर शकुबाईची जीभ होतीच. "काय बघता? तुमची कधी किंचाळली नाय का?"

मंगळवारच्या बायका आल्या तेव्हा तिने दारातच सांगितलं, इथं कुणाचं वारं येत नाही, माझी पोर आहे ती. रंगूबाई सहा महिने बोलली नाही. पण रविवारी दुसऱ्याच बायका यायला लागल्या. गायधनीबाईने धाडलेल्या. सिन्नरहून एसटीने एक आली, तिच्या मुलीला घरच्यांनी गोठ्यात ठेवलं होतं. ओझरहून एक आली, जिला नवऱ्याने 'तुझ्याच रक्तातलं' म्हणून माहेरी आणून सोडलं होतं. एकीला भगताने पोराच्या पाठीवर डाग द्यायला लावला होता. त्या यायच्या, पहिले दोन रविवार नुसत्या रडायच्या, तिसऱ्या रविवारी विचारायच्या, कापूस कसा घालता? शकुबाई दाखवायची. आपलं सगळं सांगायची, बांधून ठेवल्याचं, नारळांचं, काही लपवायची नाही. तासभर एक आई सगळ्या पोरांना सांभाळायची आणि बाकीच्या डोळे मिटून पडायच्या. कितीजणींनी तर म्हणे वर्षानुवर्षांत दुपारची झोप अशी घेतलीच नव्हती.

या सगळ्यात एक गोष्ट शकुबाईने कुणालाच सांगितली नाही. आवाज कमी होत चालला होता.

आधी "राहू दे" गेलं. पोर आता गर्दी झाली की आईचा पदर ओढून दाराकडे बोट दाखवायची. गायधनीबाईने टाळी वाजवली. मग "शके, ऐकलं का" गेलं. हे जगात तिला दुसरं कुणी म्हणणारं नव्हतं. त्र्याऐंशीच्या दिवाळीनंतर "भाकर वाढ" थांबलं, पोर डब्याकडे हात करायला लागली. बायका म्हणाल्या, शकुबाई, केवढी सुधारली पोर! ती हसायची आणि रात्रीच्या भाकरीला लागताना तिचा हात पिठात तसाच राहायचा. पहिल्या वेळी जयराम अठरा दिवसांत गेला होता. या वेळी तो एकेक वाक्य करून जात होता, आणि त्याला घालवायचं काम तिच्याच हातांनी चाललं होतं.

राहिलं एकच. "मी हाय ना. रडू नको." तेही आठवड्यातून एखाद्या वेळी, मग तेही नाही. जानेवारीचा अख्खा महिना घर मुकं होतं. शकुबाईला त्या शांततेचीच भीती वाटू लागली. मशीन चालवता चालवता ती मध्येच थांबायची आणि आतल्या खोलीकडे कान द्यायची. तिथे नुसती तिची पोर होती.

फेब्रुवारीत जयरामच्या जाण्याला आठ वर्षं झाली. त्या दुपारी शकुबाईने शेवटचं गिऱ्हाईक लवकर लावून दिलं. चाळ नेहमीसारखी आडवी झाली होती. सव्वातीन वाजले. पोर चटईवर बसली होती, बारा वर्षांची, दोन वेण्या घातलेली. कापसाचा पुडा फळीवर होता. शकुबाईने त्याकडे बघितलं आणि ती उठली नाही. पोरीला छातीशी घेतलं नाही. दोन हात अंतरावर, भिंतीला टेकून, ती नुसती बसून राहिली.

आपण काय करतोय हे तिला पक्कं माहीत होतं. पोर घाबरली तरच तो येणार होता. एकदाच, ती मनात म्हणत होती, आज एकदाच, मग कधी नाही. तिला स्वतःची किळस आली, तरी ती हलली नाही.

भोंगा झाला. पोरीचं अंग ताठ झालं, नखं दंडात गेली. शकुबाईचे डोळे तिच्या ओठांवर. भोंगा लांबत गेला, आणि तो चालू असतानाच पोर खाकरली. एकदा मोठ्याने. शकुबाई पुढे वाकली. एकदा बारीक.

मग पोरीने मान वळवली. बारा वर्षांत तिने आईच्या डोळ्यांत असं सरळ कधी बघितलं नव्हतं. तिचा जबडा दोनदा हलला, काहीतरी जड उचलावं तसा.

"नको," ती म्हणाली.

तो आवाज शकुबाईने कधी ऐकला नव्हता. बारीक, थोडा चिरका, कुणाचाच नसलेला. पोरीने हात लांब करून आईचे दोन्ही हात धरले, ओढले, आणि स्वतःच्या कानांवर ठेवले. शकुबाईने ते तिथे दाबून धरले. ती ओक्साबोक्शी रडत होती, आणि या खेपेला तिला रडू नको म्हणणारं कुणी नव्हतं. भोंगा थांबला तरी तिने हात काढले नाहीत.